नाव न घेता

सकाळी मागून नेलेली पट्टी दुपारी परत करावी, इतक्या सहजपणे वर्गातल्या त्या मुलाने केसांचा तो चाप तिच्या टेबलावर ठेवला. "हा घे. शनिवारी माझ्या खोलीवर राहिला होता," एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्या हातातला चंबू सांभाळत आपल्या जागेकडे वळला. आवाज त्याने चढवला नव्हता, खालीही आणला नव्हता. प्रयोगशाळेत नळ वाहत होते, कुणीतरी काचेच्या नळ्या धुऊन पालथ्या घालत होतं. ब्युरेटमधून थेंब सोडता सोडता तिचा हात तोटीवर थांबला. तपकिरी, एक दात तुटलेला तो चाप दोन स्टँडांच्या बरोबर मध्ये पडला होता. एक स्टँड तिचा, दुसरा तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा. किती लहान आहे हा, असं तिच्या मनात आलं. एवढ्याशा वस्तूकडे कुणाचं लक्ष जायचं नाही, अशी ती स्वतःची समजूत घालत होती, तोच समोरच्या टेबलावरची चष्मेवाली, कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलांच्या प्रार्थनामंडळात गिटार वाजवणारी, हसत म्हणाली, "अगं, हा तर भुंग्याचा! याच्या खोलीवर कसा गेला?" विचारून झाल्यावर उत्तर तिचं तिलाच मिळालं असावं. हसू तिच्या ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून मात्र निघून गेलं.

भुंगा म्हणजे तीच खोलीतली मैत्रीण. केस विंचरताना, कपडे वाळत घालताना, अगदी दात घासतानासुद्धा नाकातल्या नाकात गुणगुणत राहायची तिची सवय. त्यावरून पहिल्याच वर्षी हे नाव पडलं आणि चिकटलं. ती त्याच वेळी वजनकाट्यांच्या खोलीतून काचेची बशी जपत बाहेर आली. चाप तिचाच होता. पण शनिवारी तो कोण लावून गेलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "तुझा चाप घेते गं," या दारातून टाकलेल्या वाक्याला "घे की, विचारतेस काय परक्यासारखं," असं उत्तर तिनेच दिलं होतं. भुंग्याने आधी चापाकडे पाहिलं, मग त्या मुलाच्या पाठीकडे, आणि मग तिच्याकडे. ते पाहणं फार लांबलं नाही. "मिळाला का? बरं झालं बाई, शोधून शोधून थकले," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भुंगा म्हणाली. मुलगा वळला. "अरे, पण तो तर..." "थँक्यू हं," भुंग्याने त्याचं वाक्य मध्येच तोडलं, एका हाताने केस वर गोळा केले आणि चाप लावून टाकला. त्याने खांदे उडवले आणि तो कामाला लागला; कुणाचा चाप कुणी लावावा, हा त्याच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. आणि ती? 'माझ्याकडे होता तो.' एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होते, जिभेला त्यांची चवसुद्धा लागली होती. पण बोटांखालची तोटी नकळत सैल झाली होती आणि चंबूतलं द्रावण हव्या असलेल्या फिकट गुलाबीच्या पार पुढे जाऊन गडद, भडक झालं होतं. "गेलं तुझं," चष्मेवाली तिच्याकडे न बघता म्हणाली. "आता पहिल्यापासून कर."

खोटं ती बोलली नव्हती. चंबू नळाखाली धरून ती स्वतःला हेच सांगत राहिली, आणि सांगता सांगता त्यातली लबाडी तिला दिसत गेली, कारण खोटं बोलायची वेळच भुंग्याने तिच्यावर येऊ दिली नव्हती. काच स्वच्छ असली की पाणी तिच्यावरून अखंड पसरतं. बोटाचा नुसता ठसा असला तरी थेंबाथेंबाने अडून बसतं. पहिल्या वर्षी हे शिकवलं तेव्हा तिला ते उपदेशासारखं वाटलं होतं, मंडळाच्या एका सभेत तिने त्यावर चार शब्द बोलूनही दाखवले होते. चंबूच्या आतल्या बाजूला पाणी आता थेंब थेंब होऊन थबकत होतं. तिने पुन्हा साबण घातला. पाठीमागे भुंगा वजनं सांगत होती, कुणीतरी टिपून घेत होतं, आणि दोन मुली हलक्या आवाजात हसल्या. त्या कशालाही हसल्या असतील. पण वळून पाहिलं तेव्हा भुंग्याची मान दिसली, केस वर घेतल्यामुळे उघडी पडलेली, आणि त्या मानेवर लाली चढलेली होती. धीट आवाजात बोलणाऱ्या माणसाची मान अशी लाल होते, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

शनिवारची दुपार आठवायची नाही, असं तिने ठरवलं होतं. म्हणून ती दुपार तुकड्यातुकड्यांनी येई. इथे या गोष्टी ज्या भाषेत बोलल्या जात, ती एव्हाना तिच्या कानांना सरावाची झाली होती. 'त्यात काय एवढं?' हे त्या भाषेतलं मुख्य वाक्य. 'कॅज्युअल आहे गं, नातंबितं काही नाही.' कँटीनमध्ये मुली हे असं सांगत की एखादं नवं दुकान उघडल्याची बातमी वाटावी, आणि ती पलीकडच्या टेबलावर बसून मनातल्या मनात त्यांची कीव करी. त्या किवेच्या तळाशी कुतूहल साचत गेलं होतं, ते कळायला तिला उशीर झाला. स्पर्धांची दुपार होती, सगळं कॉलेज मैदानावर होतं. तो म्हणाला, "चहा टाकतो, येतेस?" आणि ती गेली. यात कुणाची फसवणूक नव्हती. "नक्की ना?" असं त्याने विचारलं होतं, पुन्हाही विचारलं होतं, आणि तिने मान डोलावली होती. प्रेमाचा भाससुद्धा तिला झाला नव्हता. प्रेमावाचून हे जमतं कसं, तेच तिला पाहायचं होतं; पोहता न येणारा माणूस काठावर बसून पाण्यात पाय सोडतो, तसं. लहानपणापासून तिच्या मनावर बिंबवलं होतं की शरीर म्हणजे देवाचं घर. त्या घराचं छप्पर कोसळेल, भिंतींना तडे जातील, अशी काहीतरी तिची कल्पना होती. तसं काही झालं नाही. खालच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवत होतं. पडद्याची एक कडी निसटली होती आणि तिथून उजेडाची पट्टी भिंतीवर पडली होती. नंतर त्याने पाणी आणून दिलं, "ठीक आहेस ना?" म्हणून विचारलं, खरोखरच आस्थेने विचारलं, आणि मोबाईलवर सामन्याचा निकाल पाहिला. "हरलो यार," तो म्हणाला. ती तेव्हा एक मोजा शोधत होती. पलंगाखाली वाकून, धुळीत हात लांब करून. आणि त्या वाकण्यात लाज पहिल्यांदा तिच्यापाशी आली. आपल्याला पापाची लाज वाटायला हवी, हे ती जाणून होती. पण ही त्याच्याही आधीची, अगदी घरगुती लाज होती. इथे जे झालं त्यात मी नव्हतेच. मला मी दाराबाहेर चपलांपाशी काढून आले होते. याला ते कळलंही नाही, कारण त्यालाही मी लागत नव्हते. मोजा सापडला. चाप राहिला.

पण शनिवारच्या या लाजेच्या पाठीमागे दुसरी एक लाज उभी होती, अधिक जुनी, आणि आजवर तिने तिला लाज म्हणून ओळखही दिली नव्हती. मागच्या सत्रात एका रविवारी दुपारी भुंगा खिडकीत केस वाळवत बसली होती. गुणगुणणं अचानक थांबलं. मग पाठमोरीच राहून तिने सांगितलं, तुटक तुटक, एका मुलाबद्दल, त्याच्या खोलीबद्दल, त्यानंतर त्याने जिन्यात ओळखही न दाखवल्याबद्दल. "मला वाटलं होतं, त्याला मी आवडते," भुंगा म्हणाली, "हसू नकोस, पाळकीणबाई." ती हसली नाही. तिने भुंग्याला जवळ घेतलं, तिचे ओले केस आपल्या खांद्यावर घेतले, दोघी रडल्या. ते रडणं खरं होतं. त्याबद्दल आजही तिला शंका नव्हती. आणि त्याच शुक्रवारी प्रार्थनामंडळात 'कुणाच्या काही विनंत्या?' असं विचारलं गेलं, तेव्हा तिचा हात वर गेला. "एका मैत्रिणीसाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही. फार जवळची आहे माझी. ती वाट चुकलीय." आवाज कापत होता. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले, आणि त्या वळलेल्या चेहऱ्यांची ऊब तिला हवीहवीशी वाटली, थंडीत कुणी अंगावर शाल घालावी तशी. म्हणून तिने आणखी थोडं सांगितलं. नाव न घेता, पण थोडं आणखी. तिला फार जवळच्या मैत्रिणी मुळात होत्याच किती? पुढच्या आठवड्यापासून मंडळातली माणसं भुंग्याशी एका विशिष्ट मऊपणाने बोलू लागली. "कशी आहेस?" विचारताना मान एका बाजूला कलती होई. भुंगा दोन शुक्रवार आली, मग यायची थांबली. तिने जाब विचारला नाही, भांडली नाही, 'पाळकीणबाई' म्हणायचंही सोडलं नाही. फक्त खोलीत ती गुणगुणेनाशी झाली. ही शांतता अभ्यासाला बरी आहे, असंही मधल्या काळात कधीतरी तिच्या मनात येऊन गेलं होतं.

दादाने तिला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. तो संशोधन करणारा, मंडळात वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचा दादा. वागायला सरळ, दुसऱ्याची पिशवी न सांगता उचलणारा. "ते चापाचं ऐकलं," तो म्हणाला. "कुणाकडून?" "कुणाकडून ते महत्त्वाचं नाही. हे बघ, आपण तिला वेळ दिला. इतके दिवस प्रार्थना केली. पण आता तिने लपवायचंही सोडलंय, भर वर्गात. रेक्टरबाईंच्या कानावर घातलंय मी. वसतिगृह मिशनचं आहे, तिची जागा तिच्या चर्चच्या मंडळीच्या शिफारशीवर आहे. बाई येत्या शुक्रवारी प्रार्थनेला येतायत, तुला एकदा विचारतील आणि मग ठरवतील." "काय ठरवतील?" "तिला जागा सोडायला सांगतील, दुसरं काय? माझ्याही जिवावर आलंय गं. पण तुझा विचार करायला नको का? अशा मुलीबरोबर एका खोलीत राहून ख्रिस्ती म्हणून तुझी जी साक्ष आहे तिला डाग लागतो." 'डाग' म्हणताना त्याने तिच्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं की तिला मान वर ठेवणं भाग पडलं. भुंग्याची आई लांबच्या एका इस्पितळात परिचारिका होती, रात्रपाळ्या करून हिला शिकवत होती. शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. जागा गेली तर भुंगा सामान घेऊन घरीच जाणार, हे दोघींनाही न बोलता ठाऊक असलेलं सत्य होतं. "बरं," ती म्हणाली. पायऱ्या उतरल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण 'बरं' म्हणालो.

खोलीत भुंगा पलंगावर मांडी घालून चादरीच्या घड्या करत होती. चाप केसांतच होता. ती दाराशी उभी राहिली. "का केलंस तसं?" "कसं?" "चापाचं." भुंग्याने घडी मोडून पुन्हा घातली. "तुझी बोबडी वळली होती. कुणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं." "पण लोक तुला..." "माझ्याबद्दल लोकांचं मत ठरलेलंच आहे," भुंगा म्हणाली, आणि 'ठरलेलंच' या शब्दावर तिने जोर दिला नाही, डोळे वर उचलले नाहीत, नुसतं म्हणून पुढे गेली. "त्यात आणखी एक भर पडली तर माझं काय मोठं बिघडतंय? तुझ्या बाबांपर्यंत गेलं असतं तर?" "बाबांचं काय?" "मागे ते आले होते तेव्हा सगळ्यांशी बोलून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, 'पोरी, जेवलीस का?' बाकीच्यांना विचारलं, 'अभ्यास कसा चाललाय, प्रार्थना चालू आहे ना.' मला तेवढंच. जेवलीस का. लक्षात राहिलं माझ्या." मग एकदम आवाज बदलून, "आणि तू तरी काय गं, तो मिळाला होय तुला? जो चंबूसुद्धा नीट धूत नाही?" भुंगा हसली. तिलाही हसू फुटलं. शुक्रवारबद्दल सांगायची हीच वेळ होती. पण ते सांगितलं असतं तर पुढचं आपल्याला करावं लागलं असतं. "डोकं दुखतंय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पाठीमागून भुंग्याने आपली चादर तिच्या अंगावर घातली. नुकत्याच धुतलेल्या कापडाचा तो वास तिला सहन होईना.

बाबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नव्हते. 'पाळकीणबाई' ही भुंग्याची निव्वळ थट्टा. ते ख्रिस्ती देवळाची देखरेख पाहत, बाकं पुसत, घंटा वाजवत, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांना द्राक्षरसाचा घोट मिळायचा त्या, रविवारी उपासना संपल्यावर मागच्या खोलीत काचेचे ते इवलेसे पेले धूत. ती लहानपणी स्टुलावर उभी राहून पांढऱ्या फडक्याने पेले पुसून देई, उजेडाकडे धरून बघे. प्रत्येकावर ओठांचा ठसा असे. हा कुणाचा, तो कुणाचा, हे ओळखायचा खेळ तिने स्वतःशीच काढला होता. हा जाड ओठांचा म्हणजे शेजारचे काका, ही लाली म्हणजे नवी शिक्षिका. एकदा तबकात एक पेला भरलेलाच परत आला. कुणीतरी तो उचलला होता आणि ओठांना न लावता तसाच ठेवला होता. "बाबा, हा कुणी प्यायलाच नाही. कोण असेल?" तिने विचारलं. मन स्वच्छ नसलं की माणसाने पेला घ्यायचा नसतो, हे तिला शिकवलेलं होतं. तेव्हा इथे काहीतरी दडलं आहे, हे तिला चटकन कळलं होतं आणि ती स्टुलावर टाचा उंचावून उभी होती. "मागच्या ओळीतली ती बाई असेल ना? ती रडत होती." बाबांनी तो पेला तिच्या हातातून घेतला, मागच्या दाराने बाहेर गेले, झाडाच्या बुंध्याशी रिता केला आणि परत येऊन इतरांपेक्षा अधिक सावकाश धुतला. "कुणाचा ते आपण बघायचं नसतं, बाळ," ते म्हणाले. "आपण पुढल्या वेळेसाठी धुऊन ठेवायचा." त्यांनी तो तिच्याकडे पुसायला दिला नाही, स्वतःच पुसून इतर पेल्यांत मिसळून टाकला, आणि मग तिलाही तो ओळखता येईना. त्या वेळी ती हिरमुसली होती. एवढी मोठी गोष्ट हाताला लागली असताना बाबांनी ती अशी सांडून का टाकावी, हे तिला उमगलं नव्हतं. आता भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या तिला वाटलं, आपल्याला तेवढं एकच शिकायचं होतं, आणि आपण मात्र ओठ ओळखायचा खेळच पुढे चालू ठेवला.

शुक्रवारी वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या भेटीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. रेक्टरबाई वेळेआधी आल्या होत्या, पर्स मांडीवर ठेवून बसल्या होत्या. जाड, थकलेल्या, कुणाचं वाईट करायची हौस नसलेल्या बाई. "ये, बस माझ्याशेजारी," त्या म्हणाल्या. तिच्या दुसऱ्या बाजूला चष्मेवाली बसली. गीत झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं, मग सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले आणि डोळे मिटले. इथली पद्धत अशी होती, की प्रार्थना वर्तुळातून फिरत जाई. आपली करून झाली की पुढच्याचा हात हलकेच दाबायचा, आणि ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल त्याने काही न बोलता नुसताच हात दाबून ती पुढे सोडायची. लाजऱ्या मुलांची सोय म्हणून हे दादाने सुरू केलं होतं. "आज आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या," दादा म्हणाला. "नाव घेत नाही." तिचेच शब्द. तिचाच तो थोडासा कापरा सूर, कुठून आला हे त्यालाही माहीत नसेल. प्रार्थना निघाली. एक आवाज म्हणाला, तिला जाणीव दे. दुसरा म्हणाला, तिला मोहापासून सोडव. कुणीतरी म्हणालं, तिच्या संगतीत राहणाऱ्यांना सांभाळ, आणि त्यावर दोघातिघांनी मनापासून 'आमेन' म्हटलं. वाईट माणसं नव्हती ती. त्यांतल्या प्रत्येकाला खरोखर कळवळा आला होता. तो कळवळा खोलीभर पसरला होता, ऊबदार, दमट, आणि त्यातून जी मुलगी तयार होत होती तिला ना नाव होतं, ना लाल झालेली मान, ना इस्पितळात रात्रपाळी करणारी आई. चष्मेवालीची प्रार्थना झाली. तिचा हात दाबला गेला.

हात दाबून पुढे सोडता आलं असतं. रेक्टरबाईंचा तळवा तिच्या तळव्यात होता, घामट, वाट पाहणारा. बोटं जराशी मिटली असती की झालं असतं. कुणालाही आश्चर्य वाटलं नसतं, उलट मैत्रिणीच्या दुःखाने तिला शब्द फुटत नाहीत असंच वाटलं असतं, आणि ती शाल पुन्हा तिच्या अंगावर आली असती. 'हे प्रभू,' असं तिने मनात म्हणून पाहिलं, आणि तिला कळलं की तिथून सुरुवात केली तर आपला आवाज सुंदर होईल. तिने डोळे उघडले. गोलात सगळे चेहरे मिटलेले होते. झोपलेल्या माणसांत जागं असावं, तसं तिला वाटलं.

"तो चाप शनिवारी माझ्या केसांत होता," ती म्हणाली.

"आमेन," सवयीने कुणीतरी म्हणालं. आणि मग ते 'आमेन' हवेत एकटंच राहिलं.

एकेक डोळे उघडले. "अगं..." दादा म्हणाला, "हे आपण नंतर बोलू. प्रार्थना चाललीय." "प्रार्थनेतच सांगायची सवय लागलीय ना आपल्याला. मीच लावली ती." आवाज सुंदर नव्हता, कोरडा, चिरका, मधेच फाटणारा होता. "त्याच्या खोलीवर मी गेले होते. तिने माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. आणि मागे मी जिच्याबद्दल तुम्हाला सांगितलं होतं, तिने ते मला विश्वासाने सांगितलं होतं. मदत मागितली नव्हती तिने. प्रार्थनाही मागितली नव्हती." एवढं बोलून झाल्यावर कसलीही शांती तिच्यावर उतरली नाही. मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट अंगावरचे कपडे भर सभेत गळून पडावेत तशी ती बसून राहिली, आणि पलंगाखाली वाकलेली ती, धुळीत हात घातलेली, आता सगळ्यांना दिसत होती. चष्मेवालीने हात सोडवून घेतला आणि चष्मा पुसायला घेतला. रेक्टरबाईंनी सोडला नाही. पण तो धरण्यात माया होती की नुसता विसर, ते तिला कळेना. "तुझ्या वडिलांना ओळखते मी," त्या म्हणाल्या, आणि मोकळ्या हाताने त्यांनी मांडीवरची पर्स सरळ केली. "तिच्या जागेचा विषय आज नको. तुझं... तुझं बघू."

जिना चढताना तिला आपले पाय लांबून दिसत होते. बातमी तिच्याआधीच वर पोचली होती. खोलीच्या दारात भुंगा उभी होती, केस सुटलेले, चेहरा लाल. "अक्कल आहे का तुला?" ती कडाडली. "कशाला सांगितलंस? आणि माझी जागा जाणार होती, हे मला दुसऱ्यांकडून कळायचं? तू चार दिवस गप्प राहिलीस?" "हो." "चादरीत तोंड घालून?" "हो." "आणि आता काय, उपकार केलेस होय माझ्यावर?" "नाही." व्हरांड्यातून मुली जात होत्या, त्यांच्या दारापाशी आल्या की पावलं हळू करत होत्या. "त्या वेळचंही सांगितलंस?" भुंग्याने शेवटी विचारलं, अगदी वेगळ्या, लहान आवाजात. "माझं?" "सांगितलं की ते सांगायचा मला हक्क नव्हता." "ह्या वेळी नाव घेतलंस?" "माझं घेतलं." भुंग्याने मान हलवली, होकाराची नव्हे आणि नकाराचीही नव्हे. "बाबा?" "रविवारी जाते. मीच सांगते." ते म्हणताना तिला तो भरलेला पेला आठवला, आणि या वेळी तो आपल्या हातात आहे, आणि बाबा पाठमोरे उभे आहेत, असं दिसलं.

खाली चहाची घंटा झाली. भोजनगृहात आता सगळ्या असणार. भुंग्याने टेबलावरचा चाप उचलला, क्षणभर त्याचा तुटका दात अंगठ्याने चाचपला, आणि तिच्यापुढे धरला. "घे. तूच लाव आता. कुणाचा ते सगळ्यांना दिसू दे." यात शिक्षा होती की सोबत, ते विचारायचा हक्क तिला नव्हता. तिने हात मागे नेले, केस गोळा केले, चाप लावला. तुटक्या दाताची कड टाळूला रुतली. मान उघडी पडली, आणि तिला जाणवलं की ती तापू लागली आहे, कानांच्या मागून खाली, लाल होत होत. आता ती लाली कुणापासूनही लपणार नव्हती. दोघी जिना उतरल्या. भुंगा अर्धी पायरी पुढे, केस मोकळे. भोजनगृहाच्या दारात बोलणं बंद पडलं. सगळ्या माना वळल्या. ती उंबऱ्यावरच थांबली, तिचा पाय पुढे पडेना.

भुंगा रांगेपर्यंत जाऊन वळली. तिच्या चेहऱ्यावर राग अजून तसाच होता, आणि हातांत दोन कप होते.

"सकाळपासून काही खाल्लंस का?" ती म्हणाली.

तिने मान हलवली. नाही.

"मग ये तर."